मुलगा सांभाळतो असा दाखला

परदेशात पोरगं असलं की बापाला सुखच सुख, असं ज्याला वाटतं त्यानं एकदा माझ्याशी येऊन बोलावं. माझं पोरगं जर्मनीत आहे. मशिनींच्या कारखान्यात इंजिनेर आहे. पगार चांगला आहे, पण हातात यायच्या आधीच तिथलं सरकार त्यातला मोठा वाटा कापून घेतं. उरलं त्यात घराचा हप्ता, थंडीत घर गरम ठेवायचं बिल, विमा. कचरा टाकायचेसुद्धा पैसे. हे सगळं तो दर रविवारी दुपारी फोनवर सांगतो आणि मी ऐकतो. ऐकायला माझं काही जात नाही. पण गेल्या उन्हाळ्यात त्यानं जे सांगितलं, त्यानं माझं डोकं फिरलं ते अजून जाग्यावर आलेलं नाही.

त्याचं म्हणणं असं. तिथं एक कायदा आहे. मायबाप दुसऱ्या देशात राहत असतील, त्यांची स्वतःची कमाई भागण्यासारखी नसेल आणि पोरगं त्यांना बँकेतून पैसे पाठवत असेल, तर तेवढ्या पैशावर सरकार कर घेत नाही. आधी कापलेला असला तर परत देतं. ते पैसे परत आले की पोरगं नाताळच्या सुटीत सुनेला आणि नातीला घेऊन येणार होतं. नात तिकडंच जन्मली. बोलायला लागली, शाळेत जायला लागली, तरी मी तिला फोनच्या काचेतच बघितलेली. पोरानं तिकडं घर घेतलं तेव्हापासून त्याच्या हातात काही उरत नव्हतं, आणि तीन माणसांची विमानाची तिकिटं काही एसटीची नसतात. म्हणजे कर परत मिळाला तर येणं, नाहीतर नाही.

"अण्णा, एका कागदावर तुमची आन् आईची सही पायजे. बाकी काय न्हाई," पोरगं म्हणलं.

"काय लिवलंय त्यात?"

"हेच, की तुमाला उत्पन्न न्हाई, तुमी माझ्या पैशावर जगता. त्याच्यावर हितल्या सरकारचा शिक्का पायजे."

मी फोन म्हातारीच्या हातात दिला आणि शेळ्या सोडायला निघून गेलो.

मी चौथी शिकलो. त्यानंतर शाळेनं मला सोडलं का मी शाळेला, ते आता आठवत नाही. आमची जमीन धारूरच्या घाटाखाली, निव्वळ मुरूम. सोयरे बघायला आले की हसायचे. म्हणायचे, हितं काय दगडाचं पीक घेता का. त्या मुरमात मी सीताफळ लावलं. झाडं धरली. आज हंगामात व्यापारी माझ्या बांधावर गाडी आणून उभी करतात आणि मी सांगीन तो भाव ऐकून मग बोलतात. मी कुणाच्या दारात उसनंसुद्धा मागायला गेलेलो नाही. पोरगं पैसे पाठवतं हे गावाला माहीत होतं, पण गाव ज्याला बाप्पा म्हणतं तो मी पोराच्या जिवावर जगतो असं म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती. आणि आता पोटचं पोरगंच सही मागत होतं.

पुढच्या रविवारी जुंपली.

"तिथल्या साहेबाला काय माहीत तुमी कोण हायत? कागद फायलीत जाऊन पडंल," तो म्हणला.

"त्याला नसंल माहीत. मला माहीत हाय ना मी कोण हाय."

"जमिनीचं लिहूच नका. ती सीताफळं म्हणजे काय उत्पन्न हाय का, अण्णा?"

"तुझ्या हॉस्टेलची मेस त्याच सीताफळावर चालली. तवा उत्पन्न होतं, आन् आता न्हाई व्हय?"

"मग ऱ्हाऊ द्या. आमी न्हाई येत."

"नका येऊ."

फोन बंद झाला. म्हातारी भाकरी थापत होती. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तव्याकडं बघूनच म्हणली, "नातीच्या मागं पळायचं म्हणून मी दोन्ही गुडघे कापून नवे घातले. आता तुमच्या ताठ्यालाच सांगा तिच्या मागं पळायला."

त्यानंतर ती बोलायची बंद झाली. म्हातारी भांडली तर मला बरं वाटतं, मीही भांडतो. पण ती नुसतं ताट पुढं सरकवून निघून जायला लागली की घास उतरत नाही. म्हणून मी ग्रामपंचायतीत गेलो. पोरासाठी गेलतो असं कुणी समजू नये.

ग्रामसेवक तरणा आहे, बोलायला नीट आहे. मी म्हणलो, उत्पन्न नसल्याचा काहीतरी दाखला लागतो म्हणं. त्यानं विचारलंसुद्धा नाही कशाला. खणातून छापील कागद काढला, माझं नाव घातलं, वय घातलं आणि शिक्का हातात घेतला.

मी म्हणलो, "आधी वाचून दाखव."

त्यानं वाचलं. सदर इसम निराधार असून त्यांना उत्पन्नाचे कोणतेही साधन नाही. मुलगा विभक्त राहत असून सांभाळ करत नाही.

"सांभाळ करत न्हाई असं कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला पायजे, बाप्पा? नमुनाच तसा हाय. निराधार म्हाताऱ्यांना सरकार महिन्याला पगार देतं, त्याला हाच कागद चालतो."

"मला पगार नको."

"मग कशाला पायजे?"

मी जर्मनीचं सांगितलं. त्यानं शिक्का खाली ठेवला.

"म्हंजे मुलगा पैसे पाठवतो."

"पाठवतो."

"मग तुमी निराधार कसे?"

"मी कवा म्हणलो मी निराधार हाय?"

"मग दाखला कशाचा देऊ?"

"पोरगा पैसे पाठवतो ह्याचा दे."

तो हसला. वाईट हसला असं नाही, पण हसला. म्हणला, "बाप्पा, पोरगा सांभाळत न्हाई असे दाखले म्या ढिगानं दिले. सांभाळतो असा दाखला द्या म्हणून हितं आजवर कुणीच आलं न्हाई. त्याचा नमुनाच न्हाई माझ्याकडं."

दारात आमच्या भावकीतला एक जण टेकून उभा होता. त्याला काम काहीच नसतं, पंच म्हणून सही करायला तो तिथंच घुटमळतो. तो म्हणला, "काय बाप्पा, जर्मनीवाल्यानं बी टाकलं व्हय तुमाला?"

"तू गप ऱ्हा बे."

"घ्या की लिहून. सही म्या करतो. आमच्या म्हाताऱ्याच्या कागदावर बी हेच लिवलंय. आन् सकाळी माझ्याच घरी दूध-भाकर खाऊन पारावर जाऊन बसलाय. कागदाला काय कळतंय?"

"त्याला लाज न्हाई आन् तुला बी न्हाई," मी म्हणलो, आणि तो कागद ग्रामसेवकाच्या टेबलावरच फाडून ठेवला. त्याच्यावर माझं नाव होतं, म्हणून फाडायचा हक्क माझा.

घरी येईस्तोवर माझ्या अंगाची लाही झाली होती. जाताना संताप होता तो मला बांडगूळ ठरवतात म्हणून. येताना तो कुठल्या कुठं गेला आणि दुसराच चढला. माझ्या पोराला नालायक ठरवायला यांना कागद छापून तयार, गठ्ठे भरून ठेवलेले. आणि तो दर महिन्याला न चुकता पैसे पाठवतो, हे लिहायला सगळ्या सरकारात एक कागद नाही. आई-बापाला टाकलेल्या पोरांची सोय आहे. न टाकलेल्याची नाही. गावातली अर्धी म्हातारी माणसं शिक्क्यानिशी टाकलेली आहेत, आणि संध्याकाळी नातू त्यांना जेवायला बोलवायला येतो.

मी म्हातारीला म्हणलो, "उद्या चल तालुक्याला. तुझी बी सही लागती."

सकाळी ती नवं लुगडं नेसून तयार होती.

कचेरीत सांगितलं, आमच्याकडंही असा नमुना नाही, तुम्ही बाँडवर शपथपत्र करून आणा, त्यावर शिक्का मिळेल. कचेरीबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये एक जण कॉम्प्युटरवर शपथपत्रं टाइप करून देतो. बाकड्यावर आमच्या मागं चार-पाच माणसं नंबर धरून बसली होती.

"सांगा बाप्पा," तो म्हणला.

मी म्हणलो, "लिही. मला सोताची जमीन हाय. त्यात सीताफळ हाय. शेळ्या हायत. त्याच्यावर दोन माणसांचं खाणंपिणं निघतं."

तो थांबला. "हे लिवल्यानं तुमचं काम हुतंय का बिघडतंय?"

"तुला खरं लिवायचं का न्हाई?"

"लिवतो की. मग मुलाच्या पैशाचं काय करता तेबी सांगा. शपथेवर हाय, नीट सांगा."

मी म्हणलो, "बँकेत पडून हायत."

"कुठले पडून हायत?" म्हातारी म्हणली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं तोंड उघडलं ते तिथं. "माझे गुडघे लिवा. ह्यांच्या डोळ्याचं आप्रेशन लिवा. घरावरची स्लॅब लिवा. आन् उन्हाळ्यात त्या सीताफळाला टँकर येतो ना, तो कुणाच्या पैशानं येतो ते बी लिवा."

बाकड्यावरची माणसं ऐकत होती. त्यातला एक खाली बघून हसू दाबत होता. टाइप करणारा माझ्याकडं बघत होता. म्हणला, "आजी म्हणत्यात ते खरं हाय का, बाप्पा?"

गुडघे, डोळे, स्लॅब यांचं मला काही नाही. ते पोरानं करावंच. पण टँकर. ज्या झाडांच्या जोरावर मी पोराशी भांडलो, ती झाडं गेली काही वर्षं वैशाखात त्याच्या पैशानं पाणी पितात. मला ते माहीत नव्हतं असं नाही. मी तिकडं बघायचं टाळत होतो. त्यानं कधी बोलून दाखवलं नाही. फोनवर एवढं भांडण झालं, तेव्हासुद्धा त्यानं टँकरचं नाव काढलं नाही.

खोट्या कागदावर सही करायची नाही म्हणून मी इथवर आलतो. तिथं बसून मीच खोटं कसं सांगू?

"लिही," मी म्हणलो. "घेतो म्हणून लिही. दर महिन्याला घेतो. ती म्हणती ते समदं लिही. पण जमीन आन् सीताफळ खोडायचं न्हाई. वर्साला त्याचं काय येतं ते बी लिही, मी सांगतो."

मी सही केली, म्हातारीनं अंगठा दिला. बाहेर आल्यावर मी तिला म्हणलो, "चारचौघांत बोलायचं काय कारण होतं?"

"एकट्यात तुमी कवा कबूल केलं असतं?" ती म्हणली आणि स्टँडकडं माझ्या पुढं चालायला लागली. नव्या गुडघ्यांवर ती माझ्यापेक्षा लवकर चालते, याचाही मला राग आला.

कागद जर्मनीला गेला. पोरानं वाचला आणि फोन करून म्हणला, "उत्पन्नाचा आकडा कशाला लिवला, अण्णा? तेवढं ते वजा करत्यात."

"करू दे."

आणि तसंच झालं. मराठी कागद त्यांना चालेना, म्हणून भाषांतर करणाऱ्याला पैसे मोजावे लागले. मग तिथल्या साहेबानं माझी कमाई नीट वजा केली आणि उरलेल्यावरचा कर परत दिला. आमच्या घरात, गावात, कचेरीत कुणी माझ्या सीताफळाला कमाई म्हणायला तयार नव्हतं. साता समुद्रापलीकडच्या एका माणसानं ती कमाई धरली, तीही पैसे कापून घ्यायला. परत आलेल्या पैशांत दोन तिकिटं निघत होती. तिसरं नाही. पोरगं म्हणलं, "आवंदा ऱ्हाऊ द्या. पुढच्या साली बघू."

तोवर हंगाम झाला होता. व्यापाऱ्यांचे पैसे आलते. मी बँकेत गेलो आणि म्हणलो, हे पोराला जर्मनीत पाठवायचेत. काउंटरवरची बाई म्हणली, "आजोबा, मुलगा तुम्हाला पाठवतो ना? मग तुम्ही त्याला कशाला पाठवता?" मग तिनं पॅनकार्ड मागितलं, वर अर्ज, त्यात कारण. येणारा पैसा कुणाला काही विचारत नाही. बापाकडून जायचा म्हणलं की कारण लागतं. मी पैसे पिशवीत घातले आणि बीडला गेलो. तिथं तिकिटं काढून देणारा आहे. त्याला नातीच्या पासपोर्टची प्रत लागत होती. म्हातारीनं सुनेला फोन करून गुपचूप मागवली. तिकीट निघालं.

दोन दिवसांनी पोराचा फोन. रविवार नव्हता.

"अण्णा, पोरीचं तिकीट तुमी काढलं?"

"नातीचं काढलं. तुझं न्हाई काढलं. तुझं तू काढ."

"आवो, म्या हितं लिहून दिलंय, तुमी माझ्यावर अवलंबून हायत म्हणून. पुढच्या साली त्यांनी इचारलं तर काय सांगू? बापच मला पैसे देतो म्हणून?"

"तसंच सांग. नातीचं तिकीट आज्यानं काढलं म्हणून लिही. शिक्का लागत असंल तर मी आणून देतो."

"करातली माफी कमी हुईल माझी."

"हुऊ दे की. तू कमव."

मागून म्हातारी म्हणली, "आवो, इमान कवा उतरतंय ते इचारा."

मी फोन तिच्यापुढं धरला आणि म्हणलो, "तूच इचार. मी रागात हाय."