खाटकाचा रंग

दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली बसून आम्ही दोघांनी भाकरी खाल्ली, ते आमचं शेवटचं साधं काम. ठेचा तिनं घरूनच बांधून आणलेला. मी म्हणलं, मीठ जास्त झालंय. ती म्हणली, "मग उद्यापासून सिस्टरच्या हातचं खा." मी म्हणलं, पोरगं लंगड्या मेंढीला पाला टाकील का नाय कोण जाणे. ती म्हणली, "ऑपरेशन मव्हं हाय, अन तुमचा जीव मेंढीत." हसलो. फडकं झटकलं, वर गेलो. त्यानंतर आमच्यात साधं असं काही झालंच नाय.

साळू माझी बायको. आम्ही धनगर. शेंद्र्याच्या पलीकडं राहतो. कंपन्यांच्या भिंती उभ्या राहिल्या, चराई गेली, तरी थोडी मेंढरं आम्ही सोडली नाय. मी तिसरीपर्यंत शिकलो. ती तेवढंबी नाय.

तिच्या डाव्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर. आधी सलाईनमधून औषधं दिली. केस गेले, नखं काळी पडली, तोंडाला चव राहिली नाय. पण गाठ विरघळली. हातानं चाचपलं तरी लागंना. मला वाटलं सुटलो. तर डॉक्टर म्हणले, आता ऑपरेशन.

मी विचारलं, "गाठच नाय तर कापता काय?"

"बाबा, तुम्हाला नाही कळणार. आम्ही आहोत ना."

बास. एवढंच सांगितलं. माझ्या मनात तिथंच पाल चुकचुकली. मी बाजारात उभा राहून म्हातारा झालेला माणूस. जो इसम मालाबद्दल नीट सांगत नाय, त्याच्याकडं काहीतरी लपवायला असतं, एवढं मला कळतं.

संध्याकाळी चार-पाच शिकाऊ डॉक्टर आले. बायकांचा मोठा वार्ड. कॉटाला कॉट लागलेली. वर पडद्याचा लोखंडी दांडा होता, कड्या होत्या. पडदा नव्हता. मला दारात उभं केलं. एक पोरगा साळूला म्हणला, "आजी, वरचं काढा."

तिनं त्याच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग चोळीच्या गाठीला हात घातला.

आमच्या लग्नाला किती वर्षं झाली ते मोजायला बसलो तर बोटं पुरायची नाय. एवढ्या वर्षांत उजेडात मीसुद्धा तिला तसं बघितलं नव्हतं. इथं सगळ्या वार्डानं बघितलं. नातेवाईक येत होते, जात होते. फरशी पुसणारा बाप्या बादली घेऊन बाजूनंच गेला. त्या पोरानं जांभळ्या पेनानं तिच्या छातीवर गोल काढला, वर बाण काढला. काढता काढता दुसऱ्याला विचारत होता, कँटीनमध्ये आज काय आहे. तिसऱ्यानं मोबाईल काढून फोटो घेतला.

मी आत शिरलो. "फोटो कामून काढला?"

"नोंद ठेवावी लागते बाबा. बाहेर थांबा."

कोणाची नोंद? कुठं ठेवणार? कोण बघणार? विचारलं. ते पेनाला टोपण लावून गेले.

आता पुढं जे झालं ते आमच्यासारख्यांच्याच हातून व्हायचं. शहरातल्या माणसानं केलं नसतं.

आमच्यात व्यापारी मेंढरांच्या वाड्यावर येतो, कळपातून मेंढरं निवडतो, अन निवडलेल्याच्या पाठीवर रंगाचा पट्टा मारतो. रंग लागला की ते जनावर आपलं नाय. खाटकाचं. साळू रंग लागलेल्या मेंढराला पुन्हा नावानं हाक मारत नसं. पाणी पाजायची, पण तोंड फिरवून. माया वाढवायची नाय, असं तिचं म्हणणं.

उजाडायच्या आधी ती उठून बसली. मी कॉटाखाली आडवा होतो. म्हणली, "अवं, उठा. खाटकाचा रंग अंगावर घेऊन मी आत जाणार नाय."

मी म्हणलं, "तो डॉक्टर हाय."

"मग सांगितलं कामून नाय? डॉक्टर सांगतो. खाटीक सांगत नाय."

खरं सांगायचं तर माझ्याबी मनात तेच होतं. मोरीत गेलो. मी बाटलीतलं खोबरेल तिच्या हातावर ओतलं, ती पदराआड घासत राहिली. जांभळं तेल ओघळलं. छाती लाल झाली, पण बाण गेला. तिचा चेहरा मोकळा झाला. मलाही बरं वाटलं.

मग मोठे साहेब आले. मागं सगळी शिकाऊ फौज. त्यांनी बघितलं, खूण नाय.

"कोणी पुसलं?"

मी म्हणलं, "आम्ही."

साहेब माझ्याकडं वळले नाय. पोरांकडं बघून बोलले. शब्द जसेच्या तसे सांगतो, कारण ते मी विसरू शकत नाय. "हे बघा. मेंढरांत राहून राहून माणसंसुद्धा मेंढरं होतात. यांना समजावण्यात वेळ घालवू नका. हाका आणि न्या."

पोरं हसली. सगळी नाय. पण हसली.

साहेब म्हणले, "चला, काढा परत. इथंच. दोन मिनिटांचं काम आहे."

साळूनं पदर दोन्ही मुठींत धरला. कालच्यापेक्षा आज माणसं दुप्पट होती. ती मला हळूच म्हणली, "चला घरी. मरायचंच तर झाकून मरू."

आता मी काय करायचं? घरी नेली तर आजार तिला खाणार. ठेवली तर हे तिला पुन्हा उघडी करणार. जन्मभर मी अशा वेळी हात जोडलेत. तहसीलात जोडले, चराईसाठी जोडले, कंपनीच्या वॉचमनपुढंबी जोडले. त्या दिवशीही हात आपोआप वर आले होते. मी ते खाली घेतले.

म्हणलं, "साहेब, ऑपरेशन करायचं. पण आधी खूण कशाची ते तिला सांगायचं. अन पडदा लावायचा."

"पडदा नाहीये."

"मग हिच्या अंगाला हात नाय."

"मग घेऊन जा घरी."

"घरी नेणार नाय. अन उघडी करू देणार नाय. दोन्ही नाय."

"मग काय करणार?"

"हितंच उभा राहणार."

साहेबाचं तोंड लाल झालं. मला वाटलं शिपाई बोलावतो. काठी घट्ट धरली होती ती मी पडू नये म्हणून, मारायला नाय.

तेवढ्यात बाजूच्या कॉटावरची बाई उठली. शहरातलीच, म्हातारी मुसलमान बाई, तिच्याही हाताला सलाईन. अंथरुणावरची चादर ओढली अन म्हणली, "भाभी, ये लो. मेरेकू भी कल ऐसाच नंगा करे थे. मेरा मर्द होता तो बोलता. वो नै है." चादरीचं एक टोक तिनं धरलं. दुसरं टोक पलीकडच्या कॉटावरच्या पोरसवदा बाईनं धरलं. साहेबाला म्हातारी म्हणली, "अब जाव ना बाबा, क्या देखना है?"

साहेब गेले. जाताना म्हणले, "तमाशा." बरोबर. पण तमाशा कोणी मांडला होता?

एक लेडी डॉक्टर मागं थांबली. एकटीच चादरीआड गेली. मी बाहेरून ऐकत होतो. ती सांगत होती, "आजी, औषधानं गाठ विरघळली, पण तिचे कण तिथं राहिले असतील. डोळ्यांना दिसत नाहीत. ते राहिले तर पुन्हा वाढतील. म्हणून आधी मशीनमध्ये बघून तिथं एक बारीक तार घालायची. तार जिथं जाईल तिथंच कापायचं, बाकीची छाती ठेवायची. मशीन छाती दाबतं, दुखेल. आणि ही खूण चुकून दुसऱ्या बाजूला हात जाऊ नये म्हणून."

साळू म्हणली, "एवढंच व्हय?"

"एवढंच."

"मग काल कामून नाय सांगितलं? तुमचं तोंड दुखतं का?"

ती डॉक्टर मग म्हणली, "चुकलं आमचं." साळूनं खूण काढू दिली. हात हलवला नाय.

तार घालायला नेलं तेव्हा मला बाहेर बसवलं. दाराआडून तिचा आवाज आला. एकदाच. ओरडली नाय, दात आवळून हुंकारली. बाहेर आणली तर तारेचं टोक हलू नये म्हणून छातीवर कागदी कप उपडा चिकटवलेला. आदल्या दिवसापासून पोटात पाण्याचा थेंब नाय. मला बघून म्हणली, "कप दिलाय बघा. चहा नाय दिला."

ऑपरेशन झालं. चांगलं झालं म्हणले. पुढं आजार हाडात गेला. कोणाच्या चुकीनं गेला असं मी म्हणत नाय. मला माहीत नाय. मी एवढंच म्हणतो की मला माहीत नाय, अन मला माहीत असू नये याची तिथं सोय केलेली आहे.

तपासणीला जायचो तेव्हा मी दरवेळी त्या वार्डात डोकवायचो. दांडा तिथंच. कड्या तिथंच. पडदा नाय. सिस्टर म्हणायची, मागणी पाठवलीये. दरवेळी तेच. दांडा लावला म्हणजे कधीतरी पडदे आले असणार. मग गेले कुठं? कोणाच्या खिडकीला लागले? विचारलं की सगळे हसायचे. म्हातारं सरकलंय. लंगड्या बहाण्यांना मी आता भुलत नाय. शंका घेणं हा माझा अडाणीपणा, असं मला सगळ्या जन्मात शिकवलं. खोटं शिकवलं. न सांगणं हा त्यांचा माज होता.

साळूनं घरीच जीव सोडला. आमच्या पद्धतीनं सगळं केलं. दहावा झाला. पाहुणे जेवून गेले. पोरगा म्हणला, "बाबा, आता आराम करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या गाडीनं शहरात गेलो. वार्डात गेलो नाय. सरळ सगळ्यात मोठ्या साहेबाच्या ऑफिसला गेलो. शिपाई म्हणला, "बाबा, काय काम?"

"बायकांच्या वार्डाला पडदे पाहिजेत."

"पेशंट कोण तुमचा?"

"मेली."

"मग आता तुम्हाला कशाला पडदे?"

उंबऱ्यावर बसलो. काठी दारात आडवी टाकली. आत जाणाऱ्याला मला ओलांडावं लागेल, बाहेर येणाऱ्यालाही. शिपाई म्हणला, "उठा, साहेब येतील."

म्हणलं, "येऊ दे. त्यांच्यासाठीच बसलोय."