शेवटचा चढ आणि डब्यांची गाडी

आयर्लंडमधल्या आमच्या किलकेनीच्या मराठी मंडळात कोणी नवीन आलं की आम्ही त्याला आधी जेवायला घालतो आणि मग सायकल राइडचे किस्से ऐकवतो. सुटका नसते. राइड वर्षातून एकदाच, जूनमधल्या एका रविवारी. तीन गावं, तीन पब. पण किस्से इतके साठलेत की सांगताना माझी वर्षांची सरमिसळ होते.

*

पहिली राइड २०१६ची, आखणी मंदारची. हा लिक्सलिपला चिपच्या कारखान्यात इंजिनियर, म्हणजे एक्सेल शीट आलीच. गडावर जायचं असल्यासारखं त्यानं आम्हाला सकाळी सातला बाहेर काढलं. साडेआठला आम्ही पहिल्या पबच्या दारात हजर! रविवारी पब साडेबाराला उघडतो, हे शीटमध्ये नव्हतं.

पबवाला पॅट वरच राहतो. खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "एवढी तहान?"

आम्ही चहा मागितला. आमच्यातले निम्मे दारू पीतच नाहीत. बिचाऱ्यानं पायजम्यातच खाली येऊन चहा केला.

*

पॅटकडे बाहेरचं खायला बंदी आहे, तशी पाटीच आहे. पण आमच्या डॉक्टर मनीषानं तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा उघडला आणि पहिली पुरी त्याच्याच हातात ठेवली. पाटी अजून आहे. फक्त पुढच्या वर्षी आम्ही सायकलवरून उतरायच्या आत त्यानं विचारलं, "डब्यांची गाडी कुठाय?"

ती गाडी चालवतो मनीषाचा नवरा शिरीष. सायकलचं नाव काढलं की त्याचा गुडघा दुखतो.

*

मनीषा बेचाळिसाव्या वर्षी सायकल शिकली. ड्युटी संपल्यावर, हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये, पडत-धडपडत. कोपर फुटलं तेव्हा स्वतःच टाके घातले म्हणते. आम्ही माना डोलावतो. तिला एकच हवं होतं. शेवटच्या पबच्या आधी एक लांबलचक चढ आहे, तो न उतरता पार करायचा.

पहिली दोन वर्षं ती मध्यावर थांबली. दोन्ही वेळा शिरीषनं गाडी शेजारी आणून काच खाली केली. "बस गं, कोणी बघत नाहीये."

ती बसली. नंतर पबमध्ये खिडकीतून त्या चढाकडे बघत बसायची. मला फार वाईट वाटायचं.

*

तिसऱ्या वर्षी शिरीष आधीच पुढे गेला, तिच्या थांबायच्या जागी. तिथेच टायर पंक्चर झालं. स्टेपनी घरी होती, कारण तिच्या जागी डबे बसवले होते. फोनला रेंज नाही, आणि आम्ही बाकीचे तोवर चढ पार करून गेलेलो. तेवढ्यात मनीषा येताना दिसली. हा रस्त्यात येऊन दोन्ही हात हलवत ओरडला, "मनीषा, थांब!"

तिनं मान खाली घातली आणि पॅडल मारत राहिली.

पबला पोचली तेव्हा तिला बोलवत नव्हतं. पाणी प्यायली, मग म्हणाली, "थांब थांब करत होता. मी बघितलंसुद्धा नाही." मंदार चक्क रडला. माझंही काही वेगळं नव्हतं.

तासाभरानं एक ट्रॅक्टर आला. मागच्या ट्रॉलीत दोन मेंढ्या आणि मांडीवर डबे घेतलेला शिरीष. हर्लिंगची, म्हणजे इथल्या हॉकीसारख्या खेळाची मॅच नुकतीच संपली होती, अख्खं गाव पबबाहेर उभं होतं. सगळे वळले. शिरीष काही खाली उतरेना.

मनीषा गेली, त्याच्या मांडीवरचे डबे घेतले आणि म्हणाली, "उतर रे, कोणी बघत नाहीये."