लाल बटण कुणी दाबायचं?

रोहूसाठी जाळं टाकावं आन वर ओढलं की नुसती चिलापी निघावी, तसं आमच्या घाटावरच्या किश्श्यांचं आहे. मागितलेले नसतात, पण ढीग लागतो! उपग्रहाचं यंत्र आलं तेव्हा मला वाटलं, हे सरळ आभाळातलं काम, यात काय हसायचं? पण यंत्र कितीही हुशार असलं तरी गळ्यात घालणारे आमचेच ना!

शहागडच्या खालच्या अंगाला गोदावरीवर आमचा घाट. मी इथला जुना नावाडी. शाळा सहावीपर्यंत, त्यातलं अर्धं वर्ष वर्गाबाहेर उभा. पूल झाला, माझी नाव बसली. आता पिंपळाखाली बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची टर उडवायची, हाच धंदा. तोंडावर सगळे आप्पा म्हणतात. पाठीमागं काय म्हणतात ते मला माहीत आहे, पण इथं लिहिण्यासारखं न्हाई.

तर एक कंपनीचा साहेब आला. पोरसवदा, पाठीवर बॅग, पायात पांढरेशुभ्र बूट. बूट चिखलात गेले तेव्हाच मला हा माणूस आवडला.

साबणाच्या वडीएवढी यंत्रं त्यानं मच्छीमारांना आन मेंढपाळांना वाटली. नदीतल्या बेटांकडं, तिकडं माळावर मोबाइलला रेंज नसते, म्हणून चाचणीसाठी आमची निवड. साहेब म्हणाला, "हे टॉवरवर चालत नाही, थेट उपग्रहाशी बोलतं. हिरवं बटण म्हणजे मी ठीक आहे. पिवळं म्हणजे उशीर होईल. लाल म्हणजे मदत पाठवा. दाबलं की घरच्या मोबाइलवर निरोप जाणार, आन तुम्ही कुठं आहात तो ठिपका नकाशात दिवसभर दिसणार. पण लाल बटण जिवावर बेतलं तरच! उगाच दाबलं तर चाचणी बंद, सगळी यंत्रं परत."

बाकीच्यांनी हसत घेतलं. सुंदानं मात्र दोन्ही हातांनी घेतलं.

सुंदा म्हणजे केशवची बायको. केशव थर्माकोलच्या तराफ्यावर बसून एकटा मासे धरतो. त्या तराफ्याला आम्ही चप्पू म्हणतो. माणूस असा की तीन शब्दांत आठवड्याचा बाजार करून येईल. मागच्या पावसाळ्यात त्याचा चप्पू वाहून गेल्ता. दुसऱ्या दिवशी जेवणवेळेला गडी चालत घरी आला. तोवर सुंदानं घाटाची पायरी सोडली न्हाई. आल्यावर बोलला काय, तर "भूक लागली."

म्हणून तिनं यंत्र स्वतः त्याच्या गळ्यात बांधलं. "अंघोळीला काढा, देवपूजेला काढा. नदीवर काढलं तर घरात यायचं न्हाई!"

*

आमचा दगडू. घाटावर इंजनाची होडी एकट्याकडंच, म्हणून अंगात जरा मस्ती. त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "आप्पा, उपग्रह लई उंच असतो म्हणतेत. बटण दाबलं की पोहोचंल का?"

मी म्हणालो, "नुसतं दाबून कसं पोहोचंल? दाबायचं आन बराबर वर तोंड करून ओरडायचं. जेवढं जोरात तेवढं जल्दी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीच्या मधोमध होडीत उभा राहून दगडू आभाळाकडं बघत बोंबलतोय, "मी ठीक आहे! दगडू ठीक आहे! घरी सांगा!"

त्याचा सासरा पलीकडल्या काठावर म्हशी धूत होता. तो तिकडून ओरडला, "ठीक हायेस तर बोंबलतोस कशाला?"

*

त्या रागात दगडूनं यंत्र भाकरीच्या स्टीलच्या डब्यात टाकलं. झाकण गच्च. आठवडाभर एक निरोप न्हाई. साहेब विचारपूस करत आला. डबा उघडून बघितला तर भाकरी, ठेचा आन मधी यंत्र.

"अहो दादा, धातूच्या डब्यातून सिग्नल जात नाही. उघड्या आभाळाखाली धरा."

दगडू म्हणाला, "आता काहीबी सांगू नका साहेब! आमच्या घरावर सगळे पत्रेच हायेत. तरी बायकोचा आवाज पार घाटापर्यंत येतो!"

*

मेंढ्यावाला बिरू माळकरी माणूस. अंडंसुद्धा वर्ज्य. पण त्याला दुपारी कडुलिंबाखाली झोपायची सवय, आन बायको मोबाइलमधी बघायची. ठिपका दोन तास हलला न्हाई की संध्याकाळी हजेरी! "मेंढरं कोण राखत होतं? लिंब?"

बिरूनं डोकं लावलं. यंत्र कुत्र्याच्या गळ्यात बांधलं. कुत्रं मेंढरांमागं फिरणार, ठिपका फिरणार, आपण झोपणार. बिलकुल पक्कं काम!

कुत्र्यानं मेंढरं सोडली आन गेलं हायवेला. तिथल्या मटणाच्या ढाब्यामागं हाडकांसाठी बसलं ते ऊन उतरेपर्यंत.

बायको शेजारणीला घेऊन ढाब्यावर पोहोचली. आत शिरून एकेका टेबलावरच्या गिऱ्हाइकाचं तोंड बघून राह्यली. मालक घाबरून म्हणाला, "काय पाहिजे, मावशी?"

"आमचा माळकरी पाहिजे!"

*

पहिलं लाल बटण दगडूनंच दाबलं. कंपनीच्या कंट्रोल रूममधून त्याच्या घरी फोन, घरात रडारड, आम्ही चार जणं चप्पू वल्हवत बेटावर. बघतो तर गडी वाळूत पाय पसरून बसलेला. होडी चांगली, तब्येत चांगली.

"काय झालं रे?"

तळहातावर तंबाखू होती. ती दाखवून म्हणाला, "चुन्याची डबी घरी राह्यली."

दुसरं बिरूनं दाबलं. माळावर मेंढी अडली होती. कोकराचा एकच पाय बाहेर. पोलिसांची जीप धुरळा उडवत आली. हवालदार उतरला आन बघतच राह्यला. "अरे, जिवावर बेतलं तर दाबायचं असतं!"

बिरू म्हणाला, "मंग हिला काय जीव न्हाई?"

हवालदाराच्या घरीही मेंढरं. त्यानं टोपी काढून बिरूच्या हातात दिली, बाह्या सारल्या आन कोकरू मोकळं केलं. पांढरंशुभ्र, नुसते पाय खाली काळे. मी लगेच बारसं केलं. नाव ठेवलं 'साहेब'.

पुढच्या फेरीला खरा साहेब घाटावर चहा पीत होता. मागून बिरू ओरडला, "ए साहेब, रस्त्यात लेंड्या टाकू नको!" साहेबाचा चहा अंगावर सांडला.

*

पण लाल बटणाचं पाप फिटत न्हाई. साहेब एक दिवस रिकामी पिशवी घेऊन आला. "वरून निरोप आहे. खोटे कॉल फार झाले. यंत्रं जमा करा."

दगडूनं दिलं. बिरूनं कुत्र्याच्या गळ्यातून काढून दिलं. बाकीच्यांची आली. राह्यलं केशवचं. तो सकाळीच बेटाकडं जाळं काढायला गेल्ता.

सुंदा पायरीवर येऊन बसली. "साहेब, आमच्या ह्यांनी एकदाबी लाल दाबलं न्हाई. दुसऱ्याच्या चुन्यापायी आमचं कशाला नेता? ते नदीवर असले की माझ्या गळ्याखाली घास उतरत न्हाई. हिरवा निरोप आला की मी जेवते."

साहेब खाली बघून म्हणाला, "ताई, माझ्या हातात असतं तर..."

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. तिनं मोठ्यानं वाचलं, "उशीर होईल."

मी कशाला गप बसतो! "बघा साहेब, यंत्र द्यावं लागंल म्हणून गडी बेटावर लपला!" घाट हसला. साहेबही हसला.

सुंदा हसली न्हाई. तिनं परत वाचलं. "आप्पा, ह्यांची वरात तीन तास उशिरा आल्ती. तेव्हा कळवलं न्हाई. आज कशाला कळवतेत?"

तिनं नकाशा उघडला. ठिपका बराबर बेटावर. मंग मान वर करून नदी बघितली. पाणी लाल झालं होतं, फांद्या वाहून येत होत्या. वरच्या अंगाला कुठंतरी धो धो झालेलं. आम्ही हसत बसलो आन पाणी खालच्या पायऱ्या गिळून वर आलं होतं.

"साहेब, नकाशात बेट हाय," सुंदा म्हणाली, "नदीत न्हाई!"

दगडूनं इंजन मारलं. सुकाणू मी धरलं. सुंदा कुणाला न विचारता होडीत चढली, आन साहेब त्या पांढऱ्या बुटांसकट. तो कंट्रोल रूमला फोन लावून राह्यलता, पण काठ सुटला तशी रेंज गेली.

बेटाच्या जागी एका बाभळीचा शेंडा दिसत होता. चप्पूचा पत्ता न्हाई. बाभळीला एका हातानं मिठी मारून केशव उभा, छातीपर्यंत पाण्यात, सगळ्या अंगाला काटे रुतलेले. दुसरा हात वर, आभाळाकडं, आन त्या हातात यंत्र!

ओढून आत घेतला.  सुंदा पदरानं त्याचं डोकं पुसत राह्यली.

साहेब जवळजवळ रडतच म्हणाला, "अहो, लाल का नाही दाबलं?"

केशवनं जरा विचार केला. "पाणी छातीलाच होतं, साहेब. गळ्याला आलं की दाबणार होतो."

घाट येईपर्यंत दगडू इंजनाकडंच बघत होता. उतरल्यावर साहेबानं पिशवी पायरीवर उपडी केली. "घ्या आपापली. वर काय सांगायचं ते मी बघतो."

केशव सरळ माणूस. जमा करायचं म्हणून कुणीतरी सांगितलं असणार, त्यानं हातातलं यंत्र साहेबापुढं धरलं.

सुंदानं ते मधेच हिसकलं, लुगड्याला पुसलं आन परत त्याच्या गळ्यात घातलं. दोरीची गाठ करकचून ओढली.

"लाल बटण कुठं हाय ते नीट बघून ठेवा," ती म्हणाली. "आता आपण घरी चाललोय."