गच्चीवरची जाळी

नेकनूरच्या रस्त्याला केदारनाथशेठची कापसाची जिनिंग आहे. तिथं मशिनीच्या फिरत्या पट्ट्याखाली सांडलेली सरकी झाडायला दगडाबाई. तिचा निम्मा जन्म शेळ्यांमागं गेलेला, अक्षराशी ओळख नाही. पण शेळी कुठल्या आडात पडेल हे तिला शेळीच्या आधी कळायचं. शेठ मात्र शिकलेले.

सुरक्षेवर शेठची लई श्रद्धा. बारा हेल्मेटं आणली, खंडेनवमीला मशिनींबरोबर पुजली आणि काचेच्या कपाटात कुलूपबंद केली. मिस्त्री बंकटनं एक मागितलं तर म्हणाले, "पुजलेली वस्तू घामट टकुऱ्यावर घालतोस बे?" दारावर पाटीही होती : सुरक्षा तुमच्याच हातात. दगडाबाईनं ती बंकटकडून वाचून घेतली.

"आन् शेठच्या हातात काय हाय?"

"मोबाईल," बंकट म्हणाला.

पट्ट्यावरची लोखंडी जाळी दिवाळीच्या साफसफाईत निघाली ती परत बसलीच नाही. शिमग्याच्या तोंडावर पट्ट्यानं दगडाबाईचा पदर ओढला. लुगडं जुनं म्हणून टरकन फाटलं. नवं असतं तर बाईच गेली असती. गरिबीचा एवढा फायदा तिला जन्मात झाला नव्हता.

"पदर खोचून काम करावं, एवढी अक्कल नको?" शेठ म्हणाले.

"खोचीन की. ते माझं काम. जाळी बसवायचं कुणाचं?"

"हरवली ती. बघू."

"बघा. तवर मी पट्ट्याखाली जात न्हाई."

"मग उद्यापासून येऊच नको."

मालकीण चार शब्द सांगेल म्हणून ती शेठच्या घरी गेली. शिवगंगाबाई गच्चीवर कुरडया घालत होत्या. खाली चार विटा, विटांवर बाजेएवढी जाळी, जाळीवर पांढरं पातळ.

"खालून वारं लागतं बघ," शिवगंगाबाई कौतुकानं म्हणाल्या. "कडकडीत वाळत्यात. ह्यांनीच आणून दिली, भंगारातली हाय म्हणले."

"अक्का, ह्या भंगारापायी माझं लुगडं फाटलं," दगडाबाई म्हणाली. कुरडया अन्नच, त्यांचा काय गुन्हा. पातळ चार कोपऱ्यांनी धरून दोघींनी बाजूला ठेवलं. मग फाटक्या पदराची चुंबळ करून बाईनं जाळी डोक्यावर घेतली आणि भर बाजारातून निघाली.

"काय नेतीस गं दगडे?" पानवाल्यानं विचारलं.

"शेठची सुरक्षा हाय. गच्चीवर वाळत होती."

जिनिंगच्या फाटकाशी पोचेतो मागं निम्मा बाजार. एवढ्या लोकांत शेठना जुनी ओळख पटली. "सापडली का? देवाची कृपा," ते म्हणाले आणि त्यांनी पट्टा बंद करायला लावला.

बंकटनं चार नट आवळून पाना खाली ठेवला.

"भोकं सहा हायत," दगडाबाई म्हणाली.

"चार बास झाले मावशे."

"मालकाचं काम मालकानं केलं. आता तुझं तू कर."

त्यानं गुमान आणखी दोन शोधून आणले. सहावा आवळून होईपर्यंत ती उभी राहिली, मग पदर कमरेला घट्ट खोचला आणि म्हणाली, "कर पट्टा चालू."