डाग नव्हे, माझी बुरशी

मित्रहो, आज या भित्तिपत्रकावर माझीच बढाई लावते आहे.

संत्र्याच्या मुळात शिरलेली बुरशी मी सूक्ष्मदर्शकातून फोटोच्या काचेच्या प्लेटवर टिपली होती. सगळ्यांना पाहता यावी म्हणून आज धरमपेठेतल्या स्टुडिओत तिचा कागदावर साधा फोटो करायला गेले.

स्टुडिओवाले काका लग्नाळू मुलींच्या फोटोंतले डाग मिटवतात. सवयीनं पेन्सिल उचलून म्हणाले, “मॅडम, हा डाग काढून टाकतो.”

“थांबा! त्याच डागासाठी इतकी वर्षं खपून राहिली मी!”

“बाप्पा! मंग त्यालेच मोठा करू.”

घरी, सूक्ष्मदर्शकाला कधी डोळा न लावलेल्या आईनं फोटो पाहून विचारलं, “हे तू शोधलं?” मी ऐटीत ‘हो’ म्हटलं.

डाग उठून दिसावा म्हणून फोटो जरा गडद करून घेतला आहे. सांगा, बढाईत एवढं चालतं ना?