अडतीस शून्यं

शाळेतला मास्कचा नियम उठून आठ दिवस झाले होते, तरी शकुन मास्क घेऊन बसली होती. रविवारची सकाळ, चहा झालेला. मी सेफ्टी पिनेत इलास्टिकचं टोक अडकवून द्यायचो. ती पिन कापडाच्या दुमडीतून सरकवत सरकवत दुसऱ्या बाजूनं काढायची आणि गाठ मारायची. धुऊन धुऊन जुनं इलास्टिक ढिलं पडलं होतं.

"आता कोणाले लागते हे?" मी म्हटलं.

"नियम गेला. खोकला कुठी गेला? तुम्ही पिन लावा गुपचूप."

मी पिन लावली. एक मास्क तिनं माझ्या कानाला लावून पाहिला. पोट्ट्याच्या मापाचा होता, माझं नाकही झाकलं नाही. ती हसली, मग हसता हसता खोकली. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम हे. दुपारी तिनं ते मास्क धुऊन तारेवर टाकले, संध्याकाळी तिला ताप आला.

मी रायपुरातल्या एका खासगी शाळेच्या फाटकावर एकवीस वर्षं होतो. शाळेचं नाव लिहीत नाही, तिच्यावर अजून लोकांची पोटं आहेत. वडील रेल्वेच्या गँगमध्ये होते, गोंदियाकडून इकडं आले, आम्ही इथलेच झालो. शाळा चौथीपर्यंत शिकलो. त्यामुळं लिहिण्यात चुका असतील, पण जे झालं ते तसंच लिहितो.

शकुन माझी बायको. आधी ती भनपुरीच्या एका राइस मिलमध्ये होती. पंधरा वर्षं भुशात काम करून छाती खराब झाली. दम लागला की पंप तोंडात घ्यावा लागायचा. मग मीच तिला शाळेत लावलं, केजीमध्ये मौसी म्हणून. मौसी म्हणजे लहान पोरांचं नाक पुसणारी, चड्डी बदलणारी, रडलं की कडेवर घेणारी बाई. पोरं दिवसभर तिच्या तोंडाशी तोंड लावून असायची.

लोकांना वाटतं फाटकवाला फक्त फाटक उघडतो आणि लावतो. खरं काम सकाळच्या पाऊण तासाचं असतं. तेवढ्यात तीनशेच्या वर पोरं आत घ्यायची, ऑटोवाल्यांना हाकलायचं, रडणाऱ्याला आईच्या हातातून सोडवायचं. बीमारीनंतर शाळा उघडली तेव्हा त्यात दोन कामं वाढली. एक, कपाळासमोर गन धरून ताप पाहायचा. दुसरं, मास्क पाहायचा. मास्क नसला तर पोरगं परत घरी पाठवायचं.

ह्याचं एक रजिस्टर होतं. रोज एक पान. त्यात तीन खाने: कुल बच्चे, बुखार, बिना मास्क. बेल झाली की मी आकडे भरायचे, सही करायची. तपासणीला कोणी आलं तर मॅडम तेच रजिस्टर दाखवणार होत्या. मॅडम म्हणजे आमच्या प्रिन्सिपल.

पहिल्याच दिवशी मी नऊ पोरं परत पाठवली. त्यात दुसरीतली एक पोट्टी होती. आई चार घरी भांडी घासायची, बाप ट्रकवर. पोट्टी एकटी घरी गेली. घराला कुलूप होतं. दोन वाजेपर्यंत ती पायरीवर उन्हात बसून राहिली, पाणीसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिची आई फाटकावर आली. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "भैया, या तो इसको अंदर लो, या मेरे को बोल दो कि काम छोड़ दे."

मी घरी येऊन शकुनला सांगितलं. ती तव्यावर पोळी टाकत होती, मागं वळलीसुद्धा नाही.

"तुम्हीच द्या न मास्क मंग."

"माह्या बापाचं दुकान आहे का मास्कचं?"

"मी शिवून देतो. संध्याकाळी वापस घ्या, मी धुतो. कोणाचं काय जाते?"

शाळेचे ड्रेस शिवणाऱ्या टेलरकडून तिनं आकाशी चौकडीची कतरन, म्हणजे उरलेले तुकडे, आणली. दोन दिवस शेजारणीच्या मशीनवर बसून चाळीस मास्क शिवले. स्टुलाखाली एका खोक्यात ते ठेवले. बिना मास्कचं पोरगं आलं की मी खोक्यातला एक द्यायचो. सुट्टीच्या वेळी बादली ठेवायचो, त्यात पोरं ते टाकून जायची. शकुन घरी नेऊन गरम पाण्यात उकळायची आणि अंगणातल्या तारेवर वाळत घालायची.

आता चूक इथं झाली. मास्क दिला की पोराच्या तोंडावर मास्क आला. मग बिना मास्कच्या खान्यात काय लिहायचं? मी शून्य लिहिलं. मनात म्हटलं, आत जाताना तं घातलेला होता. दुसऱ्या दिवशी शून्य, तिसऱ्या दिवशी शून्य. शून्य लिहिलं की कोणी काही विचारत नाही, मॅडम खूश राहतात. मास्क यायच्या आधीची पानं, पहिल्या दिवशीचं नऊ लिहिलेलंसुद्धा, मॅडमनी स्वतःच फाडायला लावली होती, नव्या पानापासून सुरू करा म्हणाल्या.

आत गेल्यावर काय व्हायचं तेही मला माहीत होतं. दुसऱ्या तासाला मास्क खिशात. टिफिनच्या वेळी अदलाबदल. काही पोट्टे तर फाटकाच्या जाळीतून आपला मास्क बाहेरच्या दोस्ताला पास करायचे, म्हणजे एका मास्कात दोघं आत. मी पाहूनही पाहत नव्हतो.

शकुन मात्र रोज मोजायची. तिला अक्षर येत नव्हतं, आकडे येत होते. मिलमध्ये पोती मोजता मोजता शिकली होती. बादलीतले मास्क मोजून ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात आकडा लिहायची. दुधाचा हिशेब जिथं लिहितात तिथं. किती गेले, किती आले, कमी पडले तर किती शिवायचे, हे तिला कळायला पाहिजे होतं. चौदा. अकरा. एकोणीस. एकदा सव्वीस.

अडतीस दिवस असं चाललं. मग ऊन वाढलं, लाट ओसरली असं सगळे म्हणू लागले, आणि मॅडमनी पालकांची मीटिंग घेतली. विषय एकच, मास्क ठेवायचा की काढायचा.

मी हॉलच्या दाराशी पाण्याचा ट्रे घेऊन उभा होतो. शकुन मागच्या भिंतीपाशी. आईबरोबर आलेलं केजीतलं एक लेकरू तिच्या कडेवर झोपलं होतं.

ट्रान्सपोर्टचा धंदा असलेले एक पालक उठले. "मैडम, मेरे बच्चे के मुँह के चारों तरफ घमोरी निकल आई है। इस गर्मी में आप खुद पहनके देखो दिनभर."

केजीच्या टीचर म्हणाल्या, "मुझे 'प' और 'फ' सिखाना है। बच्चों को मेरा मुँह ही नहीं दिखता."

त्यांचं खोटं नव्हतं. माझ्या स्वतःच्या कानामागं इलास्टिकचे वण पडले होते.

एक बाई हळूच म्हणाली, "घर में मेरी सास है, किडनी की मरीज। थोड़े दिन और रख लीजिए न." तिचंही खोटं नव्हतं.

बराच वेळ असं इकडून तिकडून चाललं. मग मॅडमनी टेबलावरचं रजिस्टर उचललं. माझं रजिस्टर.

"यह गेट का रजिस्टर है. अड़तीस दिन में बिना मास्क के एक भी बच्चा अंदर नहीं आया. एक भी नहीं. फिर भी केजी में बच्चे बीमार पड़े, दूसरी में पड़े. यानी सब ने पहना, और फायदा कुछ नहीं हुआ. तो बच्चों को क्यों तकलीफ दें?"

किडनीवाल्या सासूची सूनही खाली बसली.

मॅडम दाराकडं वळल्या. "काका, रजिस्टर आप ही भरते हैं न?"

"हव मॅडम."

"सही भरते हैं?"

साठ होऊन मला तीन वर्षं झाली होती. दर वर्षी मॅडमच्या सहीनं मला मुदत वाढवून मिळायची. समोर शकुन उभी होती, आणि ती माझ्याकडंच पाहत होती.

"हव," मी म्हटलं.

नियम तिथंच उठला. ज्याला घालायचा त्यानं घालावा, असं ठरलं.

घरी जाताना शकुन माझ्या पुढं चालत होती.

तलावाच्या वळणावर ती थांबली. "काहून नाही बोलले?"

"काय बोलू? खोटं लिहिलं म्हणू? नोकरी गेली असती."

"गेली असती तं गेली असती. पोहे इकले असते दोघांनं."

"तूच तं मास्क दिले शिवून."

"पोट्ट्यायले आत घ्या म्हटलं होतं मी. नाही घातलं ते घातलं असं लिहा, हे कधी म्हटलं?"

ती पुढं चालू लागली, मी मागून.

दुसऱ्या दिवशी मॅडम तिला म्हणाल्या, "मौसी, आप भी उतार दो, छोटे बच्चे डरते हैं." शकुन म्हणाली, "मैडम, मेरी छाती का भरोसा नहीं." मॅडम म्हणाल्या, ठीक है, आपकी मर्जी. मॅडम वाईट बाई नव्हत्या. शकुनच्या तोंडावर मास्क राहिला, कडेवरच्या पोरांच्या तोंडावर राहिला नाही. त्या आठवड्यात केजीत चार पोरं खोकत होती. पोरं चार दिवसांत बरी होऊन उड्या मारू लागली.

शकुन सरकारी दवाखान्यात नऊ दिवस होती. आत जाऊ देत नव्हते. आमची मुलगी भिलाईला असते, ती आली. तिनं आत फोन पोचवला. चौथ्या दिवशी शकुन त्यावर दम खात खात बोलली, "तारेवरचे मास्क काढले का? उन्हानं इलास्टिक सडते." मी म्हटलं, काढतो. त्यानंतर तिला बोलता आलं नाही. नवव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास त्यांनी मला बोलावून घेतलं आणि ती गेल्याचं सांगितलं.

मी डॉक्टरला विचारलं, हे शाळेतून आलं का? डॉक्टर तरुण होता, डोळे लाल झालेले. म्हणाला, "बाबा, कहाँ से आया यह कोई नहीं बता सकता." बरोबर आहे. बाजारातून आलं असेल, ऑटोतून आलं असेल. नियम राहिला असता तर ती वाचली असती असं मी म्हणत नाही. माझ्याजवळ त्याचा पुरावा नाही. पुरावा म्हणून जे होतं ते मीच खोटं लिहून ठेवलं होतं.

रजिस्टरात मी नंतर जे केलं ते शेवटी लिहितो, त्याचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो. काहीच झालं नाही. रजिस्टर ऑफिसच्या अलमारीत आहे. मॅडमनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "काका, अब इसका क्या करूँ मैं?" त्यांनी मला काढलं नाही, महिन्याभरानं मीच सोडलं. मास्कचा नियम परत आला नाही. नंतर सगळीकडंच उठला.

कोणी मला विचारतं, काका, तुमच्या मते शाळेत मास्क पाहिजे होता का नव्हता? मी चौथी शिकलेला माणूस, ते मला नाही सांगता येत. फाटकाच्या कामातलं एक सांगता येतं. सकाळी घाईत जो आकडा लिहिता, त्याच्यावर आत खुर्च्यांवर बसलेले लोक काहीतरी ठरवतात. तेव्हा तुम्ही दाराशी ट्रे घेऊन उभे असता आणि तुमच्या तोंडून फक्त हव निघतं. म्हणून लिहितानाच खरं लिहायचं.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी रोजच्या वेळी उठलो. माझी तपासणी झाली होती, मला काही निघालं नव्हतं. अंगणातल्या तारेवरचे मास्क काढून पिशवीत भरले. इलास्टिक उन्हानं कडक झालं होतं. मग भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून उतरवलं.

मुलगी दारात आली. तिला मराठी समजतं, बोलते हिंदी. "बाबा, सूतक है. आज कहाँ जा रहे हो?"

"शाळेत."

"कैलेंडर लेके?"

"हव."

शाळेत अजून कोणी आलेलं नव्हतं. मी फाटकाजवळच्या खोलीत स्टुलावर बसलो, ऑफिस उघडून आणलेलं रजिस्टर मांडीवर घेतलं, कॅलेंडर भिंतीला टेकवलं. पहिलं पान काढलं. तारीख जुळवली. बिना मास्कच्या खान्यातलं शून्य आडव्या रेघेनं कापलं आणि बाजूला शकुनचा आकडा लिहिला. चौदा. खाली सही केली. दुसरं पान. अकरा. सही. तिचे आकडे वाकडे होते, सातला ती उलटी शेपटी द्यायची, तिथं मला थांबून पाहावं लागत होतं. जाळीतून पास झालेले आणि आत जाऊन खिशात गेलेले त्यात नव्हते. ते कोणीच मोजले नव्हते. म्हणून पान संपलं की आकड्यापुढं "इससे ज़्यादा" एवढं लिहायचो.

अडतीस पानं झाली तेव्हा पहिला ऑटो फाटकाशी येऊन थांबला होता. मी रजिस्टर मॅडमच्या टेबलावर ठेवलं, तारेवरचे मास्क खोक्यात टाकून खोकं स्टुलावर काढून ठेवलं, आणि फाटक उघडलं.