दोन उन्हाळ्यांचं लाकूड

ज्ञानू सुतार पहिल्यांदा शाळेत आला तो नमस्कार वगैरे न करता थेट माझ्या टेबलापाशी गेला. बोटाच्या पेराने त्याने ते वाजवलं आणि त्यावर कान टेकवला. मुलं हसली. "वलं हाय," तो म्हणाला. "आवं मास्तर, पावसाळ्यात ह्यो खण उघडायचा न्हाई. हजेरी भाईर ठिवा." मी ठेवली नाही. आषाढात खण असा काही फुगून बसला, की पंधरा दिवस मी हजेरी तोंडपाठ घेत होतो.

कोयनेच्या धरणाचं पाणी नुकतंच चढलं होतं. जुनं गाव बुडालं, नवं डोंगराच्या उतारावर बसलं. पूर्वी नदी ओलांडली की रस्ता, बाजार, दवाखाना. आता मध्ये धरणाच्या पाण्याचा फुगवटा. गावाला नाव हवी होती, आणि तरुणपणी सांगलीत मामाच्या हाताखाली कृष्णेवरच्या नावा बांधलेला ज्ञानू हा एकटाच आमच्यात होता.

लाकूड निवडायला मी चार दिवस त्याच्याबरोबर रानात हिंडलो. तो प्रत्येक झाडाभोवती फिरायचा, बुंध्यावरून हात फिरवायचा आणि बहुतेकांना नापास करायचा. "ह्याला पीळ हाय. फळी सरळ निघायची न्हाई." शेवटी एका जुन्या जांभळावर त्याचं मन बसलं. जांभूळ पाण्यात कुजत नाही. झाड पाडलं, फळ्या कापल्या. मधेमधे पट्ट्या घालून त्याने त्या सावलीत रचल्या आणि म्हणाला, "आता दोन उन्हाळं."

गाव वैतागलं. सरपंच म्हणाले, "आरं, यंदाच्या पावसात काय पवत जायाचं व्हय?" जुन्या गावातल्या घरांच्या काढून आणलेल्या तुळया घे, असंही कुणी सुचवलं. "खिळ्यांच्या भोकांची नाव करू व्हय?" ज्ञानू म्हणाला. "आन् वलं लाकूड उन्हाळ्यात आकसतं. सांधं उघडत्यात. तसली नाव म्या करायचा न्हाई." मी त्याची बाजू घेतली. लाकडातलं त्याला कळतं, आपल्याला नाही, असं शिकलेल्या माणसाच्या आवाजात सांगितलं. गाव गप्प बसलं.

त्याच वर्षी श्रावणात त्याची लेक पारू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दोन दिवस अडली. सुईणीने हात टेकले. पलीकडच्या काठावर दवाखान्याचे पत्रे दिसत होते. आम्ही तिला डोलीत घालून डोंगराकडेने वळसा घ्यायला निघालो. दुसऱ्या ओढ्यापाशी ज्ञानूने डोली खाली ठेवायला सांगितली. पारू गेली होती, पोटातल्या जिवासकट. मला रडू आलं नाही. रडायला हवं, एवढंच कळत होतं. अजूनही ते आठवलं की आत काही हलत नाही, आणि याची मला लाज वाटते.

त्याला कुणी एका शब्दाने बोललं नाही. मलाही नाही. मला वाटलं, आता तो त्या फळ्या जाळून टाकेल, नाहीतर सुतक फिटल्याबरोबर नाव बांधायला घेईल. त्याने यातलं काहीच केलं नाही. दुसरा उन्हाळा पुरा होऊ दिला आणि मग नाव बांधली. आत थेंबभर पाणी यायचं नाही. गावाने नारळ फोडला, तेव्हा तो लांब बसून तंबाखू मळत होता.

माझी सांगलीला बदली झाली, तेव्हा पलीकडे सोडायला तोच आला. ट्रंक मधे ठेवून आम्ही समोरासमोर बसलो. अर्ध्या पाण्यात मी विचारलं, "ज्ञानूअण्णा, त्या श्रावणात ओल्या लाकडाची नाव असती तर?"

तो वल्ही मारत राहिला. 

"वलं लाकूड पावसाळ्यात उघडत न्हाई. पैला पावसाळा टिकली असती, मास्तर. मला तवाबी ठावं हुतं."